उजवीकडची जागा

आमचे हे खळखळून हसले की वरच्या काढलेल्या दाढेची जागा दिसते. ही गोष्ट मला लेक कॉलेजात जायला लागल्यावर, मोबाईलमधल्या एका फोटोवरून कळली. दाढ काढल्याचं माहीत होतं, दवाखान्यात मीच बरोबर गेले होते. पण ती दिसेल एवढं तोंड उघडून हा माणूस हसू शकतो, हे काही माहीत नव्हतं.

फोटो ह्यांच्या शॉपच्या ग्रुपवर आला होता. शॉप म्हणजे नगरजवळच्या नागापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्याचा प्रेस शॉप. मोठाल्या प्रेसखाली पत्रा दाबून गाड्यांचे भाग काढतात, तो विभाग. हे तिथं मिसरूड फुटल्यापासून आहेत. तिथली काही मंडळी दर मे महिन्यात एखाद्या रविवारी आमच्याच जिल्ह्यातल्या कर्जतकडे जातात. पहाटे टेम्पोनं निघायचं, पुढे नदीच्या कडेकडेनं पायी हरणांच्या अभयारण्यापर्यंत जायचं, काळविटं बघायची आणि परत यायचं. एवढ्या उन्हात का, असं मी एकदा विचारलं होतं. "उन्हाळ्यातच पाण्यावर येत्यात," एवढंच उत्तर मिळालं. या सगळ्या प्रकरणाबद्दल ह्यांनी मला दिलेली सगळी माहिती ती तेवढीच.

कारण घरी हे बोलत नाहीत. भाजी कशी झाली? बरी. दिवाळीला काष्टीला जायचं का? बघू. काष्टी ह्यांचं गाव, तरी बघू. गेल्या दोन-तीन वर्षांत तर तेही आटलं होतं. मी ताट घेऊन समोर उभी राहून काही सांगायला लागले की हे मान एका बाजूला वळवायचे आणि भिंतीकडे बघत बसायचे. एकदा मीही वळून पाहिलं, भिंतीवर एवढं काय आहे म्हणून. कॅलेंडर होतं, मागच्या महिन्याचं.

आणि फोटोत मात्र दाढ दिसतेय. मी ग्रुपवरचे मागचे फोटो वर सरकवत गेले. मागच्या वर्षीचे, त्याच्या मागच्या वर्षीचे. नदीत बसलेले, झाडाखाली उभे असलेले, टेम्पोत कोंबलेले. प्रत्येक फोटोत ह्यांच्या उजव्या बाजूला एकच बाई. टोपी घातलेली, पायात बूट, चेहऱ्यावर अगदी घरचं माणूस असल्यासारखं हसू. मी घरी ब्लाउज शिवते. माणूस दिसलं की माझी नजर आधी शिलाईवर जाते. बाईच्या कुडत्याचा खांदा उतरलेला होता. तेवढं पाहून जरा बरं वाटलं, पण फार वेळ टिकलं नाही.

"ह्या कोण?" मी विचारलं.

"क्वालिटीतल्या मॅडम."

"दरवर्षी येतात?"

"व्हय."

"मग बायकांना चालतं म्हणायचं."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. "चालतंय की. येतीस का?"

माझी अपेक्षा होती की टाळतील. तसं टाळलं असतं तर भांडायला बरं झालं असतं. आता जावंच लागणार होतं.

आदल्या दिवशी मी धपाटी केली. साधी नाही, तीळ लावलेली, आणि सोबत शेंगदाण्याचा ठेचा. सगळ्यांना पुरतील एवढी केली. ह्यांच्यासाठी केली असं म्हणण्यापेक्षा त्या बाईला दाखवायला केली, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. ठेवणीतली साडी काढली, मग चालायचं आहे म्हणून परत ठेवली आणि स्वतः शिवलेला ड्रेस घातला. त्याचे खांदे काटेकोर होते.

टेम्पोत मॅडमनी स्वतःहून शेजारी जागा करून दिली. "वहिनी, या ना. तुमच्याबद्दल लई ऐकलंय," असं म्हणाल्या. माझ्याबद्दल ह्यांनी काय सांगितलं असेल? आणि मला का नाही कधी सांगितलं? बाई माझ्याच वयाच्या. नवरा कुठं बाहेरगावी नोकरीला, दोन मुलं, शॉपमध्ये तयार मालाची मापं तपासायचं काम. बोलायला मोकळ्या. वाईट काही सापडेना, त्यामुळे मी जास्तच चिडले.

उजाडता उजाडता टेम्पोनं एका वस्तीजवळ सोडलं आणि आम्ही नदीत उतरलो. नदीत उतरलो म्हणजे वाळूत उतरलो. मे महिन्यात आमच्याकडच्या नद्यांना पाणी नसतंच, वळणावर कुठं एखादं डबकं राहिलेलं असतं आणि त्याच्याभोवती टिटव्या ओरडत असतात. दोन्ही काठांना वेड्या बाभळी. हवा अजून गार होती. शॉपमधली माणसं एरवी बोलतात तशी मोठमोठ्यानं बोलत चालली होती. प्रेसच्या आवाजात आयुष्य काढलेल्या माणसांना हळू बोलता येत नाही, एवढं मला ह्यांच्या मित्रांवरून आधीच माहीत होतं. आमचे हेच तेवढे त्यातले मुके, असं मी समजत होते.

हे मुके नव्हते. वाळूत पाय पडला आणि ह्यांची टकळी सुरू झाली. लहानपणी काष्टीला शेळ्या वळायचे तेव्हा एक शेळी विहिरीत पडली, ती काढायला हे दोर बांधून उतरले, आणि वर येताना शेळी आधी आली आणि हे आतच राहिले. ती गोष्ट ह्यांनी असल्या नकला करून सांगितली की मंडळी पोट धरून हसत होती. मी ती पहिल्यांदाच ऐकत होते. माझ्या नवऱ्याची विहीर, माझ्या नवऱ्याची शेळी, आणि मला ती परक्या लोकांबरोबर फुकटात ऐकायला मिळत होती. मॅडम तर पुढचं वाक्य आधीच म्हणत होत्या. त्यांनी ती कितीदा तरी ऐकली असणार.

मॅडम चालत होत्या ह्यांच्या उजव्या हाताला. मी डाव्या हाताला. मला त्या वेळी त्याचं काही वाटलं नाही, एक बाजू त्यांनी घेतली तर दुसरी माझी. मी मधूनमधून बोलायचा प्रयत्न केला. "तुम्ही कधी सांगितलं नाही हो हे," असं म्हणाले. उत्तर नाही. "पायाला लागलं नव्हतं का?" उत्तर नाही. मॅडमनी तिकडून विचारलं, "मग शेळी वाचली का?" तर लगेच, "वाचली की! आन् वर्षभर मला बघितलं की पळायची!" परत हशा.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी दोन पावलं मागे राहिले, मुद्दाम. ह्यांच्या ध्यानातही आलं नाही.

एका डबक्याजवळ भोकराच्या सावलीत नाश्त्याला बसलो. धपाटी उघडली. सगळ्यांनी कौतुक केलं, शॉपमधला एकजण तर म्हणाला, "वहिनी, आता दरसाल यायचं, न्हाईतर आमी ह्याला घेणार न्हाई." मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी धपाटं खाल्लं, ठेचा पुसून घेतला आणि मॅडमनी पुढे केलेल्या बाटलीतलं पन्हं गटागटा प्यायलं. "मॅडम, पन्हं म्हणजे तुमचंच!" म्हणाले. धपाट्याबद्दल अवाक्षर नाही. पन्ह्यात वेलदोडा जास्त झाला होता. मी ते बोलले नाही, पण बाटली माझ्याकडे आली तेव्हा "मला आंबट सोसत नाही" म्हणून पुढे सारली. कैरीच्या मोसमात मी रोज कच्ची कैरी मीठ लावून खाते, हे ह्यांना ठाऊक आहे. ह्यांनी चमकून पाहिलं तेवढं.

ऊन चटकायला लागायच्या आत अभयारण्याशी पोचलो. नदी सोडून माळावर चढलं की तारेचं कुंपण लागतं. फाटकावर वनरक्षकानं बजावलं, आत आवाज अजिबात नको, हरणं उन्हाळ्यानं आधीच बुजलेली आहेत. टँकरनं भरलेला एक सिमेंटचा पाणवठा आहे, त्याच्यापासून बऱ्याच अंतरावर झाडोऱ्याच्या आड बसायचं आणि गप्प राहायचं. मला मनातून आनंद झाला. आता बघू कसे बोलता, म्हटलं.

बसलो. ह्यांच्या उजवीकडे मॅडम, डावीकडे मी, बाकीचे आजूबाजूला. थोड्या वेळानं माळाच्या उतारावरून हरणं आली. आधी माद्या, तांबूस, कान हलवत, थांबत थांबत. त्यांच्यामागून काळवीट. काळाभोर, पोटाखाली पांढरा, पिळाची शिंगं मागं टाकून असा चालत आला की सगळा माळ त्याच्या नावावर आहे. मी खरंच श्वास रोखला.

तेवढ्यात ह्यांनी दोन बोटांनी शर्टाची कॉलर ओढली. आणि आमची सगळी रांग आवाज न करता हसायला लागली. खांदे गदगदत होते, एकानं तर तोंडात रुमाल कोंबला.

मला काही कळेना. मग एकानं तळहातावर तळहात उलटा केला, ह्यांनी मान हलवून दोन बोटं नाचवली, मॅडमनी अंगठा खाली करून कपाळाला लावला, परत सगळे गदगदले. मी बघतच राहिले. ही माणसं बोलत होती. प्रेस चालू असताना शॉपमध्ये कानाशी ओरडलेलं ऐकू येत नाही, म्हणून वर्षानुवर्षं तिथं हातांनीच बोलतात. चहा आला, माल संपला, साचा बदला, साहेब आला. त्यांनी ती बोली तिथं, त्या माळावर आणली होती. कॉलर ओढली म्हणजे साहेब आला, हे मला नंतर कळलं. काळवीट म्हणजे साहेब. आपल्या पंधरा-वीस माद्या घेऊन पाण्यावर राऊंडला आलेला.

आणि त्यात सगळ्यात जास्त बोलत होते आमचे हे. ह्यांची बोटं नुसती पळत होती. एक म्हातारी मादी पाण्याकडे येईना, तर ह्यांनी हातांनी तिचं सगळं म्हणणं मांडलं, आणि मॅडमनी हातांनीच तिला उत्तर दिलं, आणि दोघं एकमेकांकडे बघून हसले. दाढ दिसली.

मी तिथं परकी होते. माझ्या नवऱ्याकडे एक आख्खी भाषा होती, आणि तिच्यातला एक शब्दही त्यांनी घरी आणला नव्हता. मला मत्सर झाला. नुसतं पोटात दुखणं नाही, रडू येईल असा मत्सर. ही बाई ह्यांच्या प्रेमात आहे की काय, हा प्रश्न तेव्हा माझ्या डोक्यातून पार गेला होता. असती तरी मला समजलं असतं, तिच्याशी भांडले असते. इथं भांडायलाही कोणी नव्हतं. ह्यांच्याकडे बोलायला एवढं होतं, आणि ते सगळं इथं खर्चून घरी माझ्यासाठी 'बरी' आणि 'बघू' उरत होतं. माझ्यासाठी काही शिल्लक आहे की नाही, तेवढंच मला हवं होतं.

मी ह्यांच्याकडे झुकले आणि कानाजवळ म्हणाले, "माझ्याशी का नाही असं बोलत?"

हे हललेही नाहीत. काळविटाकडे बघत होते.

मग मी जोरात म्हणाले. किती जोरात, ते काळविटानं सांगितलं. त्यानं मान वर केली, एक मादी चेंडूसारखी उंच उडाली, आणि बघता बघता सगळा कळप धूळ उडवत उताराआड गेला. पाणवठा रिकामा. सगळ्यांच्या माना माझ्याकडे. एक ह्यांचीच मान हरणं गेली त्या दिशेला, आवाज कुठून आला ते न कळून.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी हात उचलला, स्वतःच्या डाव्या कानाला लावला, आणि बोटं हलवून दाखवलं. नाही.

त्या दिवशी मला समजलेली ती पहिलीच खूण.

फाटकाबाहेर लिंबाच्या सावलीत मंडळी पाणी प्यायला थांबली. मी मॅडमना बाजूला घेतलं. त्या बिचाऱ्या ओशाळल्या होत्या. "मला वाटलं तुम्हाला माहीत असेल, वहिनी. डावा कान गेलाय त्यांचा. शॉपमध्ये निम्म्यांचं कमीजास्त हेच आहे."

"तुम्हाला त्यांनी सांगितलं?"

"न्हाई हो. मी समोरून मापं सांगायचे तर ते मान वळवायचे, चांगला कान पुढे आणायला. तवा कळलं. मग आम्ही सगळे उजवीकडूनच बोलतो."

मान वळवायचे. मीही तीच मान रोज बघत होते. तिनं बघितलं तर तिला कान दिसला, आणि मला माझा अपमान दिसला. कणव यायला हवी होती, हे मला कळतं. आली ती नंतर. आधी आला तो मत्सरच, पहिल्यापेक्षा कडू. ही परकी बाई माझ्या माणसाला माझ्यापेक्षा बरी वाचते, ह्याचा.

परत नदीच्या पात्रातून चालत जायचं होतं, टेम्पो पुलाजवळ येणार होता. मी ह्यांना थोडं मागे ठेवलं आणि वळसा घालून उजव्या बाजूला गेले. "कानाचं मला का नाही सांगितलं?"

हे थांबले. मॅडमकडे एकदा पाहिलं, मग खाली. "शॉपमधी कुणाला सांगावं लागत न्हाई. तिथं सगळ्यांचंच हाय. घरी सांगावं लागलं असतं."

"मग सांगायचं."

"तू डॉक्टर म्हणली असतीस. मशीन लावा म्हणली असतीस. पाव्हण्यारावळ्यांत बहिरा झालो असतो." मग म्हणाले, "आन् तू बोलतीस ते हावभावावरनं कळतंय. निम्मं तरी."

निम्मं. मी चालत राहिले. मग पायाखालची वाळूच सरकली, कारण मला सोनईचा रस्ता आठवला.

माझं माहेर सोनई. आई गेली त्याला वर्ष झालं. तिच्या दहाव्याहून आम्ही मोटरसायकलवर परत येत होतो. मी एका बाजूला पाय सोडून बसते, सगळ्या बायका बसतात तशी, त्यामुळे माझं तोंड ह्यांच्या डाव्या खांद्याशी. त्या रस्त्यावर मी ह्यांना एक गोष्ट सांगितली. शेवटच्या दिवसांत आईनं मला एकदाही हाक मारली नाही. मी उशाशी बसलेली असायचे आणि ती भावजयीचं नाव घ्यायची. पाणी भावजयीच्या हातचं, पाय भावजयीनं चेपायचे. मी लेक, पोटची, आणि आई मरायला टेकलेली असताना मी भावजयीवर जळत होते. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. भावाला नाही, लेकीला नाही. ह्यांना सांगितलं, सोनई ते नगर, सगळा रस्ता रडत. हे मधे एकदाही बोलले नाहीत. मला वाटलं, हा माणूस बोलत नसेल, पण ऐकतो तरी. त्या एका गोष्टीवर मी नंतरचं वर्ष काढलं.

"आईच्या दहाव्याहून येताना मी गाडीवर बोलत होते," मी म्हणाले. "ते ऐकलंत का?"

ह्यांना खोटं बोलता येत नाही. "न्हाई," म्हणाले. "तुझं कपाळ पाठीला टेकलेलं हुतं. रडतीस, एवढं पाठीला कळत हुतं."

"मग घरी आल्यावर विचारायचं ना, काय म्हणत होतीस म्हणून."

"परत पहिल्यापासनं सांगितलं असतंस. परत रडली असतीस."

मला काय वाटलं ते सांगणं अवघड आहे. राग होता. वर्षभर ज्या भिंतीला टेकून बसले ती तिथं नव्हतीच, असं झालं. आणि तरी हा माणूस शेजारी चालत होता, मान माझ्याकडे करून, चांगला कान माझ्या बाजूला. शॉपमधली मंडळी बरीच पुढे गेली होती. वाळू तापली होती, चपलेतून चटका लागत होता.

मी सुरू केलं. मोठ्यानं, दिवसाउजेडी, नदीच्या पात्रात. आई पलंगावर कशी होती, पहिल्यांदा भावजयीचं नाव घेतलं तेव्हा मला काय झालं, सगळं. गाडीवर सांगितलं होतं त्यातलं काही मागे-पुढे झालं असेल. हे मधेच म्हणाले, "आन् तुला एकदा पण न्हाई?" मी म्हणाले, "एकदा पण नाही." हे चालायचे थांबले आणि परत चालायला लागले.

पुढे मॅडम एका डबक्यापाशी आमच्यासाठी थांबल्या होत्या. आम्ही जवळ गेलो तशा त्या नेहमीच्या सवयीनं ह्यांच्या उजवीकडे यायला लागल्या. बाई चांगली आहे, मी आधीच सांगितलंय. मी बोलत राहिले, आणि तिथून तसूभरही हलले नाही.